नव्या कोंबड्यांस खुराड्याची सवय कशी लावावी

जमिनीच्या व्यवहारात खरेदीखत झाले म्हणजे सर्व काही झाले, असे कोणीही जाणता शेतकरी समजत नाही. खत एक, फेरफार दुसरा आणि प्रत्यक्ष कब्जा तिसरा, हे त्यास पक्के ठाऊक असते. परंतु हाच शेतकरी बाजारातून दहा कोंबड्या विकत आणतो, तेव्हा पैसे मोजून दिले की कोंबड्या आपल्या झाल्या असे गृहीत धरतो. घरी येताच त्यांच्या पायांच्या दोऱ्या सोडतो आणि त्यांस अंगणात मोकळ्या करतो. संध्याकाळी मोजदाद करावी तो दहांपैकी सहाच भरतात. दोन शेजाऱ्याच्या माळवदावर, एक कडुलिंबाच्या फांदीवर, आणि एकीचा पत्ताच नाही. रात्री बोका फिरतो, पहाटे कुत्री हिंडतात, आणि आठवड्याच्या आत निम्मे भांडवल नाहीसे होते. पुढे "कोंबडी आमच्या घरास लाभत नाही" असे बोलले जाते आणि खुराड्यात सरपण भरले जाते.

वास्तविक ह्यात लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न नाही. कोंबडीस नव्या घराची ओळख होण्यास काही ठरावीक दिवस लागतात, आणि ते दिवस तिने खुराड्यातच काढले पाहिजेत. मोठ्या कोंबडीस आठ ते दहा दिवस आणि वाढत्या तलंगेस सुमारे दोन आठवडे, एवढी ही मुदत आहे. ती पाळली असता कोंबड्या आपोआप घरी परततात. न पाळली असता त्यांच्यामागे काठी घेऊन धावण्यात मनुष्याची संध्याकाळ जाते. ही मुदत का लागते आणि ती कशी पार पाडावी, हे ह्या लेखात सांगण्याचा विचार आहे.

नुकसानीचा हिशेब

आपल्याकडील गावठी कोंबडी वर्षास साधारणतः पन्नास ते साठ अंडी देते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसात पाळण्याकरिता तयार केलेल्या जातींपैकी वनराजा ही शंभर ते एकशेदहा, व ग्रामप्रिया ही सुमारे १६० ते १८० अंडी देते. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीत निघालेल्या ह्या जाती आज गेवराई तालुक्यातील खेड्यापाड्यांतून दिसतात. आता दहा ग्रामप्रिया तलंगा आणल्या आणि त्यांपैकी तीन पहिल्याच आठवड्यात गेल्या, तर केवळ तीन पक्ष्यांची किंमत बुडाली असे नाही. पुढील वर्षाची पाचशेच्या आसपास अंडी त्यांच्याबरोबर गेली.

हे नुकसान बहुधा घरातील स्त्रीचे असते. शेतमालाचा पैसा पुरुषाच्या हाती येतो. अंड्यांचा पैसा मीठमिरची, मुलांच्या वह्या आणि अडीअडचणीचे औषध ह्यांकरिता तिच्या हाती राहतो. सरकारच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेतून पन्नास टक्के अनुदानावर २५ तलंगा व ३ नर अशा गटांचे वाटप झालेले आहे. ज्या घरी हा गट येतो त्या घरी पहिल्या पंधरवड्यात काय होते, ह्यावर त्या अनुदानाचे आणि त्या स्त्रीच्या श्रमाचे फळ अवलंबून असते.

कोंबडीचा मूळ स्वभाव

पाळीव कोंबडी ही तांबड्या रानकोंबडीची वंशज होय. ही रानकोंबडी हिमालयाच्या पायथ्याच्या व पूर्व भारताच्या जंगलांत अद्यापि आढळते. आपल्या सह्याद्रीत जी राखी रानकोंबडी दिसते ती निराळ्या जातीची आहे. तथापि तिचाही काही अंश पाळीव कोंबडीच्या रक्तात उतरला आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग तिच्याकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आले. ह्या दोन्ही रानकोंबड्या दिवसा जमिनीवर चरतात आणि सूर्य मावळताच झाडावर चढून बसतात. आपली कोंबडी कडुलिंबावर चढते ती खोडी म्हणून नव्हे. हजारो पिढ्यांची सवय तिला वर ओढते.

दुसरी गोष्ट तिच्या दृष्टीची. उजेडात कोंबडीची दृष्टी तीक्ष्ण असते, परंतु अंधार पडताच तिला जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून दिवेलागणीपूर्वी सुरक्षित जागा गाठण्याची तिला घाई असते. ओळखीची जागा असेल तर ती तिकडे जाते; नसेल तर जेथे अंधाराने गाठले तेथेच जी उंच वस्तू दिसेल तीवर चढते. एकदा एके ठिकाणी दोन-तीन रात्री निभावल्या की तेच तिचे घर होते, मग ते मालकाचे खुराडे असो की शेजाऱ्याचे माळवद. ह्यावरून उघड आहे की, पहिल्या रात्री कोंबडी कोठे बसते हे आपण ठरविले पाहिजे. तिच्यावर सोपवू नये.

तिसरी गोष्ट, कोंबड्यांत मानपानाचा क्रम असतो. नॉर्वे देशातील श्येल्डरप-एब्बे नावाच्या विद्वानाने पुष्कळ वर्षे कोंबड्यांचे निरीक्षण करून १९२२ साली हा क्रम शास्त्रीय रीतीने मांडला. कळपातील प्रत्येक कोंबडी आपल्या खालचीस टोचते आणि वरचीपासून दूर राहते. नवी कोंबडी आली की हा क्रम मोडतो आणि तो पुन्हा बसेपर्यंत भांडणे चालतात. मोकळ्या अंगणात हरलेली नवखी कोंबडी कळपापासून दूर पळते, आणि तिकडेच तिला रात्र होते.

खुराडे आधी, कोंबडी मागून

कोंबड्या घरी येण्यापूर्वी खुराडे तयार असले पाहिजे. डालग्याखाली डालून दोन रात्री काढू आणि मग सुताराला बोलावू, हा क्रम उलटा आहे. कारण कोंबडी जागा ओळखते. आज ओसरीत, उद्या गोठ्यात आणि परवा परसात असे खुराडे फिरविले तर झालेली ओळख वाया जाते. सबब जागा एकदाच ठरवावी. ती थोडी उंचवट्याची, पावसाचे पाणी न साचणारी, घरातील माणसांच्या नजरेखालची आणि झाडाच्या सावलीतील असावी. दार पूर्वेकडे ठेवल्यास सकाळचे ऊन आत येऊन ओल राहत नाही.

नुसते रात्रीपुरते बसावयाचे असल्यास दर कोंबडीस दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते. परंतु बंदिस्तीच्या मुदतीत तिला दिवसरात्र आत राहावयाचे असल्यामुळे तीन ते चार चौरस फूट जागा हिशेबात धरावी. दहा कोंबड्यांस सहा फूट लांब व सहा फूट रुंद जागा योग्य होय. एवढे खुराडे नसल्यास त्याच्या दारापुढे जाळीचे अथवा पऱ्हाट्यांच्या कुडाचे लहानसे आवार करावे आणि वरून जुने मासेमारीचे जाळे अगर साडी ताणावी, म्हणजे कोंबडी उडून बाहेर जात नाही आणि घारही आत झडप घालीत नाही.

आत बसण्याकरिता दांड्या अवश्य असाव्या. दोन इंच जाडीची, कडा घासून गोल केलेली बाभळीची अगर कडुलिंबाची दांडी दीड ते दोन फूट उंचीवर बसवावी आणि दर कोंबडीस आठ ते नऊ इंच लांबी मिळेल असे पाहावे. ज्या खुराड्यात दांडी नाही तेथे उंच बसण्याची कोंबडीची ओढ भागत नाही आणि सुटताच ती झाड शोधते. अंड्यांकरिता एक फूट लांबरुंद खोकी, चार-पाच कोंबड्यांस एक, ह्या मानाने अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. बंदिस्तीच्या काळात अंडी घालण्याची हीच जागा असे तिच्या मनात भरले, म्हणजे पुढे कडब्याच्या गंजीत आणि कुंपणाच्या काट्यांत अंडी शोधीत फिरावे लागत नाही.

खिडकीस अर्धा इंच छिद्रांची लोखंडी जाळी ठोकावी. मुंगूस अरुंद फटीतून आत शिरते, आणि साप व उंदीर तर त्याहूनही लहान वाटेने येतात. दारास बाहेरून कडी असावी; नुसता दगड टेकविलेले फळकूट कुत्रा सहज सारतो.

कोंबड्या घरी आणताना

एकटीदुकटी कोंबडी आणण्यापेक्षा एकाच ठिकाणच्या, एकमेकींच्या ओळखीच्या चार-सहा कोंबड्या एकदम आणाव्या. त्या एकमेकींस धरून राहतात आणि जुन्या कळपाचा मार त्यांच्यात वाटला जातो. विकणाऱ्यास तीन प्रश्न विचारून घ्यावे : पक्ष्याचे वय काय, कोणत्या लसी केव्हा दिल्या, आणि खाद्य काय घालीत होता. तिसऱ्या प्रश्नाकडे बहुधा दुर्लक्ष होते. बाजरीवर वाढलेल्या पक्ष्यास एकदम दुसरे खाद्य दिले तर त्याचे पोट बिघडते. पहिले चार-पाच दिवस जुनेच खाद्य देऊन मग हळूहळू आपले मिसळावे.

पाय बांधून उलटे लोंबकळत मोटारसायकलीच्या दांडीस कोंबड्या अडकवून आणण्याची जी रीत पडली आहे ती टाकून द्यावी. अशाने पाय निखळतात, पक्षी घाबरून अर्धमेला होतो आणि पुढे आठ दिवस खात नाही. शिवाय जनावरास अगर पक्ष्यास विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमान्वये गुन्हा आहे. वेताचे डालगे अगर हवा खेळेल असे खोके घ्यावे, तळाशी भुसकट घालावे आणि उन्हाची वेळ टाळावी.

घरी पोहोचण्याची उत्तम वेळ म्हणजे दिवेलागण. अंधारात पक्षी शांत असतो. एकेक कोंबडी दोन्ही हातांनी धरून सरळ दांडीवर बसवावी आणि दार लावून घ्यावे. सकाळी ती जागी होईल ती ह्याच जागी, आणि ओळखीचा पहिला धडा येथेच मिळतो. दिवसा आणणे भाग पडल्यास प्रथम पाणी द्यावे. त्यात थोडा गूळ विरघळविल्यास प्रवासाचा शीण लवकर जातो. दाणा तास-दोन तासांनी घालावा.

बंदिस्तीचे दिवस

पहिले दोन दिवस कोंबड्यांस शक्य तितके शांत राहू द्यावे. मुलांनी जाळीभोवती गोंगाट करू नये, कुत्र्यास जवळ फिरकू देऊ नये. मोठ्या कोंबडीस बंदिस्तीत रोज शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे दहा कोंबड्यांस एक ते सव्वा किलो. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगेस त्याच्या निम्मे पुरते. ज्वारी-बाजरीचा अगर मक्याचा भरडा, थोडी पेंड व कोंडा हे मिश्रण चालते. आपल्याकडे सोयाबीन घरोघर असते म्हणून ते कच्चे भरडून घालण्याचा मोह होतो. परंतु कच्च्या सोयाबीनमुळे पक्ष्यास अन्न पचत नाही, तरी ते देऊ नये. बुरशी आलेली पेंडही घातक असते. पाणी स्वच्छ व सदैव भरलेले असावे. उन्हाळ्यात ते दुप्पट लागते. हिरवा पाला, शिंपल्यांचा अगर चुनखडीचा चुरा आणि अंग घोळण्यास राख व बारीक माती ठेवावी. राखमातीत लोळल्याने उवा-पिसवा झडतात.

ह्या दिवसांतील सर्वांत महत्त्वाचे काम हाकेचे होय. रोज संध्याकाळी, सूर्य मावळण्यापूर्वी सुमारे अर्ध्या तासाने, एकाच व्यक्तीने एकाच आवाजात हाक मारावी अगर डब्यात दाणे खळखळवावे, आणि लगेच मूठ-दोन मूठ दाणे खुराड्याच्या आतच टाकावे. आठ दिवसांत हाक म्हणजे दाणा आणि दाणा म्हणजे खुराडे, अशी सांगड तिच्या डोक्यात बसते. ही सांगड पक्की झाली की पुढील सारे काम सोपे होते. सूर्यास्ताची वेळ ऋतूप्रमाणे हलते हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे मार्गशीर्षात सूर्य सहाच्या आत मावळतो आणि ज्येष्ठात सात वाजून गेल्यावर. म्हणून घड्याळाकडे न पाहता उन्हाकडे पाहावे.

रोज रात्री दिवा घेऊन एक फेरी मारावी. जी कोंबडी जमिनीवर अगर अंड्यांच्या खोक्यात झोपली असेल तिला उचलून दांडीवर ठेवावे. तीन-चार रात्रींत ती स्वतः चढू लागते. सर्व कोंबड्या आपणहून दांडीवर चढू लागल्या, ही बंदिस्तीची मुदत पुरी होत आल्याची खूण समजावी.

रोगाची दुसरी राखण

बंदिस्तीचा आणखी एक फायदा आहे, आणि ज्यांच्या घरी आधीच कोंबड्या आहेत त्यांच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. नव्या कोंबडीबरोबर रोग येतो. राणीखेत, ज्यास आपण मानमोडी म्हणतो, तो रोग आपल्या देशात १९२७ साली कुमाऊँ प्रांतातील राणीखेत येथे प्रथम नोंदला गेला, आणि तेव्हापासून खेडीच्या खेडी त्याने कोंबड्यांविना केली आहेत. ह्याची लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास बहुधा पाच-सहा दिवस आणि क्वचित दोन आठवडे लागतात. म्हणजे बाजारात ठणठणीत दिसणारी कोंबडी घरी येऊन आठवड्याने मान टाकू शकते. म्हणून जुन्या कोंबड्या असतील तर नव्या कमीत कमी दोन, व शक्य तर तीन आठवडे अगदी वेगळ्या जागी ठेवाव्या. दाणापाणी प्रथम जुन्यांचे आणि मग नव्यांचे करावे, भांडी वेगळी ठेवावी आणि हातपाय धुवावे.

हिरवट हगवण, घरघर, मान वाकडी होणे, पंख पाडून कोपऱ्यात बसणे, ह्यांपैकी काही दिसल्यास तो पक्षी दूर करून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. राणीखेतवर उपाय नाही, लस आहे. पहिली लस पाच ते सात दिवसांच्या वयात डोळ्यात अगर नाकात थेंब टाकून, व दुसरी सुमारे आठव्या आठवड्यात टोचून देतात. लसीचा गुण येण्यास दोन आठवड्यांच्या आसपास काळ लागतो. तो काळ बंदिस्तीतच गेला तर उत्तम. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर ते उकिरड्यावर फेकू नयेत, विकू तर मुळीच नयेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे हाच रोग निघाला. अशा प्रसंगी वेळीच दिलेली वर्दी सबंध गावाचे रक्षण करते.

जुन्या कोंबड्यांशी मिलाफ

वेगळे राहण्याची मुदत संपल्यावर नव्यांस एकदम जुन्यांत सोडू नये. जुन्या खुराड्यात मध्ये जाळी लावून आठवडाभर दोहोंस एकमेकींस पाहू द्यावे, परंतु टोचू देऊ नये. मग एके रात्री जाळी काढून नव्या कोंबड्या जुन्यांच्या शेजारी दांडीवर बसवाव्या. सकाळी थोडी टोचाटोची होईल. तिच्यात पडू नये. मात्र रक्त निघाले तर जखमी पक्षी तत्काळ वेगळा करावा, कारण रक्त दिसताच सगळ्याच त्याच्यावर तुटून पडतात. खाद्याची व पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावी, म्हणजे एखादी दांडगी कोंबडी सर्वांस उपाशी ठेवू शकत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. दोन झाले की त्यांच्या झुंजीत नवख्या कोंबड्या पांगतात. खुडूक कोंबडी अगर पिलांची आई ह्यांच्याजवळ नवा पक्षी कधीही सोडू नये.

पहिल्यांदा सोडणे

सोडण्याच्या दिवशी सकाळचा दाणा नेहमीच्या निम्मा घालावा. वारा, पाऊस अगर गावात वाजतगाजत मिरवणूक असेल तर तो दिवस टाळावा. सूर्यास्तास सुमारे दीड तास उरला असता दार उघडावे आणि बाजूस व्हावे. कोंबड्यांस हुसकून बाहेर काढू नये. त्या स्वतः दाराशी येतील, मान बाहेर काढतील, पुन्हा आत जातील. दारातून आपल्या पायाने गेलेली कोंबडी दार ओळखते. हुसकलेली फक्त भीती ओळखते. प्रथम दिवशी निम्म्याच सोडाव्या. आत राहिलेल्यांचा आवाज बाहेरच्यांस खुराड्याकडे ओढतो.

ऊन उतरू लागताच नित्याची हाक मारावी, दाणे आत टाकावे, मोजून दार लावावे. दुसऱ्या दिवशी सर्व सोडाव्या, परंतु वेळ तीच. तिसऱ्या दिवसापासून तास-दोन तास वाढवीत आठवड्याने दिवसभर मोकळीक द्यावी. अंडी देणाऱ्या कोंबड्यांस नेहमीसाठी सकाळी दहापर्यंत आतच ठेवण्याचा नेम करावा, कारण बहुतेक अंडी तोपर्यंत पडून जातात. मोकळे फिरणाऱ्या कोंबडीस किडे, दाणे, पाला बाहेर मिळतो. तरी संध्याकाळी दर पक्ष्यास तीस ते पन्नास ग्रॅम दाणा घालणे चालू ठेवावे. हा दाणा कधीही बंद करू नये. तो बंद झाला की हाकेचा अर्थ नाहीसा होतो.

काही नित्याच्या अडचणी

एखादी कोंबडी झाडावर चढलीच, तर संध्याकाळी दगड मारून तिला उडवू नये. अंधार पडू द्यावा, मग शिडी लावून हलक्या हाताने उतरवावे आणि दांडीवर बसवावे. दुसरे दिवशी तिला बंद ठेवावे. लागोपाठ तीन-चार रात्री असे केल्यास खोड मोडते. फार उडणारी असेल तर एकाच बाजूच्या पंखाची लांब पिसे कात्रीने अर्धी कापावी. ह्याने वेदना होत नाहीत आणि पिसे झडून पुन्हा येतात. मात्र उगवती, मुळाशी रक्त असलेली पिसे कापू नयेत. वनराजासारखी वजनदार कोंबडी सहसा झाडावर जात नाही, परंतु तिला कुत्र्यापासून पळताही येत नाही. तिच्याकरिता कुंपण अधिक भक्कम लागते.

कोंबडी गावातूनच घेतली असेल तर ती जुन्या मालकाच्या घरी परत जाते. अशीस दहा दिवस पुरत नाहीत. तीन आठवडे बंद ठेवावी. जुन्या मालकाने तिला दाणा न घालता परत करावे, एवढे त्यास विनवून ठेवावे.

आपल्या जिल्ह्यात ह्या बाबतीत एक विशेष आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीकरिता हजारो कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. काहीजण कोंबड्या बरोबर नेतात, काही मागे नातलगांकडे अगर शेतकऱ्याच्या आखाड्यावर अर्धलीने ठेवतात. दोन्ही प्रकारांत कोंबडीचे घर वर्षातून दोनदा बदलते आणि दोन्ही वेळा ओळख नव्याने व्हावी लागते. कोपीवर पोहोचताच अगर गावी परतताच त्यांस मोकळे सोडल्याने कित्येक पक्षी हरवतात. ज्या शेतकऱ्यांच्या आखाड्यावर अशा कोंबड्या येतात त्यांनी ही आठ-दहा दिवसांची मुदत अवश्य पाळावी. दुसऱ्याची ठेव सांभाळण्याचाच तो भाग आहे.

ऋतू आणि शेजार

बंदिस्तीस हिवाळा व पावसाळ्याचा शेवट हा काळ उत्तम. वैशाखात आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खुराड्यात दिवसभर कोंडलेली कोंबडी दुपारीच दगावते. त्या दिवसांत कोंबड्या घ्याव्याच लागल्या तर पत्र्यावर पाचट अगर पऱ्हाट्यांचा जाड थर घालावा, खिडकीस ओले गोणपाट लावावे आणि सावलीतील आवारात त्यांस ठेवावे. चोच उघडी टाकून धापा टाकणे ही धोक्याची खूण होय.

मृगाच्या पेरणीत नव्या कोंबड्या मोकळ्या सोडू नयेत. पेरलेले बियाणे त्या उकरून खातात आणि शेजाऱ्याशी कलह होतो. शिवाय आजचे बियाणे औषध चोळलेले असते. ते कोंबडीस विषासारखे बाधते. कपाशीवर फवारणी झाल्यावरही काही दिवस त्या पट्टीत त्यांस जाऊ देऊ नये. महसुलाच्या कामात बांधाचे तंटे पुष्कळ पाहिले. कोंबडीवरून सुरू झालेला तंटा बांधापर्यंत पोहोचण्यास फार वेळ लागत नाही. कोंबडी आपल्या घरी राहणे हे शेजारधर्माच्याही दृष्टीने हितावह आहे.

गेवराई तालुक्यातील खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि गावोगावी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. जाती, लसी व खाद्य ह्यांविषयी तेथे विचारून घ्यावे. ओळख करून देण्याचे काम मात्र घरच्याच माणसाने करावयाचे आहे. त्यास खर्च नाही. दहा दिवसांचा धीर आणि रोज संध्याकाळची एक हाक लागते. ज्या वाचकांच्या घरी येत्या हंगामात नव्या कोंबड्या यावयाच्या असतील त्यांनी खुराड्याच्या दारावर खडूने आणल्याची तारीख व सोडण्याची तारीख लिहून ठेवावी, आणि मधले दिवस कोणीही कितीही आग्रह केला तरी दार उघडू नये.